कार्डावरच्या सहा खुणा

अक्षर वाईट आहे, आधीच सांगते. शाळा चौथीपर्यंत झाली. त्यानंतर लिहिणं म्हणजे किराण्याची यादी आणि सही, एवढंच. शब्द चुकले असतील, रेघ सोडून अक्षरं खाली घसरली असतील, त्याबद्दल माफ करा. पण हे तोंडाने सांगणं मला जमलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला फोनवर नाही, देवासमोर उभी राहते तेव्हासुद्धा मनात भलतंच काहीतरी बोलते. चार वर्षं झाली.

तुम्ही कोण, मला माहीत नाही. तेच बरं आहे. समोर माणूस असला की माझा आवाज घशातच राहतो. लोक म्हणतात, बाई फार गरीब आहे, कोणाच्या अध्यात ना मध्यात. गरीब! मी तेव्हा ऐकून घेते, खाली बघते. काय सांगू त्यांना?

करोल बागेच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, महाराष्ट्रातून आलेल्या सहा मुली राहायच्या. मोठ्या परीक्षेचा अभ्यास करायच्या. घराच्या मालकीणबाईंकडे पगारावर मी त्यांचा स्वयंपाक करायची. वर गच्चीवरच्या खोलीत आम्ही दोघं—हे गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला. मुलींमध्ये एक आफरीन होती, उदगीरची. वडील शिंपी. सगळ्यांत जास्त ती माझ्याशी बोलायची. म्हणायची, "काकू, तुम्ही बोलायला लागलात की मोबाईलसारखा तुमचा आवाज वाढवावासा वाटतो." मी हसायची. तिच्या पोळीवर जरा जास्त तूप घालायची.

त्या वर्षी ती पहिली परीक्षा पास झाली. सहा जणींत एकटी. मुख्य परीक्षा तीन आठवड्यांवर आली आणि तिला हुडहुडी भरून ताप आला. सरकारी दवाखान्यात मीच घेऊन गेले, बाकीच्या मुली क्लासला होत्या. बोटातून रक्त घेतलं. मलेरिया, तोही वाईट जातीचा. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पिवळ्या गोळ्यांचं एक पान दिलं आणि एक कार्ड दिलं—आफरीनच्या हातात नाही, माझ्या हातात.

"दीदी, छह गोलियाँ हैं. सुबह एक, शाम एक, तीन दिन. दूध के साथ. आपके सामने निगले, तभी टिक लगाना. एक भी छूटनी नहीं चाहिए."

कार्डावर सहा चौकोन होते. खाली माझी सही. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्या सहीवर काही सोपवलं होतं. मला काय वाटलं असेल, सांगा.

पहिल्या दिवशी दोन गोळ्या दिल्या. दूध गरम करून, साय न काढता, समोर बसून. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरी. दुपारी तिचा ताप उतरला. उठून बसली, खिचडी मागितली, वर लिंबाचं लोणचं मागितलं. मला म्हणाली, "काकू, आता तिखट द्या, नाहीतर मी दिल्ली सोडून जाईन."

त्याच दुपारी हे दुकानातून परत आले. थरथरत. दोन गोधड्या घातल्या तरी खाट हलत होती.

आता इथे मी थांबते. चार वेळा लिहून कागद फाडलाय इथे.

यांना म्हटलं, दवाखान्यात चला. हे म्हणाले, दिवाळीचा सीझन आहे, मालकाने दुसरा माणूस ठेवला तर? रांगेत उभं राहायला मी काय रिकामा आहे? मग मी एकटी जाऊ शकत होते. गोळ्या फुकट होत्या, हे ध्यानात घ्या. डॉक्टरीणबाईंना एवढंच सांगायचं होतं—आमच्याकडे अजून एकाला थंडीताप आहे. त्या रक्त घ्यायला घरी माणूस पाठवायच्या, तसं त्यांनी मला सांगूनही ठेवलं होतं. पण त्या विचारतील, मला हिंदीत उत्तर द्यावं लागेल, मागे रांग असेल, लोक बघतील... मी चप्पल घातली होती. जिन्यात दुसऱ्या मजल्यापर्यंत गेले होते. तिथून परत आले.

आफरीनच्या पानात तीन गोळ्या उरल्या होत्या. तिला तर बरं वाटत होतं. आमच्या घरात ताप उतरला की गोळी बंद, उरलेली डब्यात, पुढच्या माणसाला. आईने तसंच केलं, मीही तसंच करत आले. मग यात काय मोठंसं?

असं मी स्वतःला म्हटलं. पण ते खोटं आहे. मोठं काही नव्हतं, तर मी तिला सांगून का नाही घेतल्या?

तिच्या टेबलावर ताकदीच्या गोळ्यांची बाटली होती. त्याही पिवळ्या. संध्याकाळी मी त्यातली एक दुधाबरोबर तिच्या तळहातावर ठेवली. ती पुस्तकात बघत होती. न बघता गिळली. "काकू, तुम्ही अम्मीपेक्षा कडक आहात," म्हणाली. मी कार्डावर चौथी खूण केली. तिसऱ्या दिवशी पाचवी, सहावी. मग सही केली. नीट, सावकाश, अक्षर चांगलं यावं म्हणून.

तिच्या तीन गोळ्या यांनी घेतल्या. चार दिवसांनी हे स्वतःच दवाखान्यात गेले, कारण ताप हटेना. टायफॉईड निघाला. दोन तासांत परतही आले. रांग फक्त एवढीच होती.

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. तेव्हा आफरीन चांगली होती, दिवसाला बारा तास अभ्यास करत होती. मला वाटलं, झालं ते झालं, निभावलं.

बाराव्या दिवशी तिला पुन्हा ताप भरला. या वेळचा ताप वेगळा होता. उलट्या, डोळे पिवळे, आणि बडबड—कुठल्या तरी कायद्याची कलमं, मग मध्येच "अम्मी, मशीन बंद कर". सरकारीत खाट नव्हती. जवळच्या एका खासगी दवाखान्यात भरती केली, इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टरीणबाई तिथे स्वतः आल्या. हातात मी सही करून परत पाठवलेलं कार्ड.

"दीदी, छहों खाई थीं? आपके सामने?"

मी मान हलवली. वर "जी" म्हणाले. तो "जी" फार स्पष्ट निघाला.

त्यांनी लिहून घेतलं—पूर्ण डोस घेतला, तरी ताप परतला. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला, तो मी पाहिला. एका जाड कागदावर तिच्या रक्ताचे थेंब घेऊन मोठ्या तपासणीला पाठवले. दुसऱ्या दिवसापासून आमच्या गल्लीत माणसं फिरायला लागली. प्रत्येक कूलर उपडा केला, टाक्यांची झाकणं उघडली, लहान लहान पोरांची बोटं टोचली. पोरं रडत होती आणि मी गच्चीवरून बघत होते. हे सगळं माझ्या त्या एका "जी"मुळे, हे मला एकटीला माहीत होतं.

शुद्धीवर आल्यावर आफरीननेच मला समजावलं. तिला समजावून सांगायची सवय. "काकू, औषध अर्धवट पडलं की नाजूक जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात. मग त्यांचीच पैदास. डास चावला की तेच दुसऱ्याच्या अंगात. असं होत होत एक दिवस औषधच चालेनासं होतं." मग माझा हात धरून म्हणाली, "पण मी तर सगळ्या घेतल्या होत्या ना? तुमच्याच हातून."

मी काय केलं? तिची उशी सारखी केली.

मुख्य परीक्षा ती पडून होती तेव्हाच झाली. पुढच्या वर्षी ती पहिली परीक्षाच पास झाली नाही.

तिचे वडील उदगीरहून उसने पैसे घेऊन आले होते. छत्तीस हजार बिल झालं. जाताना त्यांनी माझ्यासमोर हात जोडले. "ताई, तुम्ही होतात म्हणून पोरगी हाती लागली." पिशवीतून एक ब्लाऊज काढून दिला—आफरीनने माप सांगितलं होतं म्हणे. बरोबर बसतो. मी तो एकदाच घालून पाहिला.

तुम्हाला वाटेल, घाबरून एकदा खोटं बोलली, संपलं. नाही. दोन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. रक्तात औषधाला दाद न देणारं काही सापडलं नव्हतं. त्यांना कोडं सुटत नव्हतं. फार मऊ बोलल्या. "दीदी, कोई डाँटेगा नहीं. सोचकर बताइए, कोई गोली छूट तो नहीं गई?" मी स्वयंपाकघरात एकटी होते. समोर माणूस नव्हता, रांग नव्हती, कोणी बघत नव्हतं. म्हणजे लाजेचंही कारण उरलं नव्हतं. आणि मी म्हणाले, "नहीं मैडम, छहों दी थीं."

"ठीक है," म्हणाल्या, "फिर पूरा डोस ही रहने देती हूँ."

ते अजून तसंच आहे कुठल्या तरी सरकारी कागदावर. कोणी शिकलेला माणूस ते वाचत असेल, मोजत असेल, त्यावरून काही ठरवत असेल. आफरीन आता उदगीरला मुलांना शिकवते. त्यांना स्वतःचंच उदाहरण देते—सहाच्या सहा गोळ्या घेऊनही न मेलेल्या जंतूंचं. फोनवर मला कौतुकाने सांगते. मी "हो का" म्हणते.

बिलाचे पैसे मात्र मी फेडत आले. ती दिल्लीत होती तोवर तिला सांगितलं, मालकीणबाईंनी तुझं जेवण अर्ध्या पैशात केलंय. उरलेले माझ्या पगारातून कापले जायचे. ती गेल्यावर सांगितलं, मालकीणबाई अनामत थोडी थोडी परत करतायत, आणि यांच्या मोबाईलवरून पाठवत राहिले. यांना वाटतं, मी उदगीरला तिच्याकडे भिशी लावली आहे.

मंगळवारी शेवटचे दीड हजार गेले. लगेच तिचा निरोप आला. "काकू, मालकीणबाईंना माझा सलाम सांगा. इतकं सरळ माणूस दिल्लीत असतं, हे अब्बूंना खरंच वाटत नाही."

मी तो यांच्या मोबाईलवर दोनदा वाचला. मग कणीक मळायला बसले. छत्तीस हजार पूर्ण झाले.