सर, ओळख राहू द्या

नोकरी लागलेल्या माणसाकडे किस्से नसतात, ड्युटी असते. किस्से आमच्याकडे! चार वर्षांत इतके साचलेत की आता एकेकाला हाकलून लावावं लागतं.

आम्ही म्हणजे तिघं. कामरगावची मी, मानोऱ्याचा राजू आणि किन्हीराजाचा मंगेश. तिघांकडे विमान चालवायचं लायसन्स आहे, दोनशे तास उडाल्याची नोंद आहे, फक्त विमान नाही. राजू तर तिशीला टेकला. दिवाळीपर्यंत कॉकपिटमध्ये सीट मिळाली नाही तर नाद सोडेन, मिळेल ते काम करेन, असा शब्द त्यानं आईला देऊन टाकला.

सीटची वाट जाते नागपूरच्या एका सरांकडून. हवाई दलातून निवृत्त, आता एका खासगी कंपनीसाठी पायलट निवडतात. अशांशी ओळख वाढवायची, त्याला नेटवर्किंग म्हणतात. आमच्याकडे त्यालाच वशिला म्हणतात. नेटवर्किंग करताना लाज कमी वाटते म्हणे. मला दोन्हीत सारखीच वाटते.

* * *

राजूनं सरांना पहिला मेसेज तीन दिवस लिहिला. मी तपासला. सुरुवात "रिस्पेक्टेड कॅप्टन सर" आणि शेवट "ओळख राहू द्या". सिव्हिलमध्ये, म्हणजे प्रवासी विमानांवर, सगळेच कॅप्टन, आम्हाला तेवढंच माहीत!

उत्तर आलं, "मी कॅप्टन नाही, हवाई दलाचा ग्रुप कॅप्टन. तो एक शब्द कमवायला मला बावीस वर्षं लागली."

राजू पांढराफटक. "अवं, मले वाटलं ग्रुप म्हंजे त्याह्यचा व्हॉट्सॲप ग्रुप असंन!"

मेसेज मीच तपासलेला, त्यामुळे मला हसताही येईना.

* * *

मग एका सीनियरनं मंत्र दिला. "फौजी माणसाकडे नोकरी मागायची नाही. सल्ला मागायचा. नोकरी मागाहून येते."

मंगेशनं ते मनावर घेतलं. दर महिन्याला सरांना अदबीनं सल्ला विचारायचा. सर सज्जन, दर वेळी द्यायचे. पहाटे धावा. इंग्रजी पेपर वाचा. बूट रोज पॉलिश करा.

दोन वर्षं सल्ला मागितला, दोन वर्षं सल्लाच मिळाला! मंगेशच्या बुटात आज तोंड दिसतं. ते घालून जायचं कुठं, हे तेवढं राहून गेलं.

* * *

मला सरांनी घरी भेटायची वेळ दिली, तर बाबा म्हणाले, "मीबी येतो." सोबत पाच किलो घरची तूरडाळ.

बाबांच्या लेखी सैन्यातला प्रत्येक माणूस मेजर. दारातच हात जोडून, "रामराम मेजर!" मी डोळे मिटून घेतले. सर हसले, बसा म्हणाले. चहा आला. मी घसा साफ करून सल्ला विचारणार, तेवढ्यात बाबा बोललेच.

"सल्ला-गिल्ला काही नाही, मेजर. पोरीले कुठी लावून द्या."

सर शांतपणे म्हणाले, "ज्याच्यासोबत मी स्वतः उडालोय, त्याचीच मी शिफारस करतो."

"मंग उडा ना हिच्यासंगं! अडवलं कोनं?"

सर निरोप द्यायला उठले. डाळ मात्र ठेवून घेतली.

* * *

हा किस्सा आम्ही सहसा सांगत नाही. सरांचा एक जुना मित्र गेला. त्याच कंपनीत उडायचा. सरांनी त्याचा फोटो स्टेटसला ठेवला. मंगेशनं खाली लिहिलं, "भावपूर्ण श्रद्धांजली सर. त्यांच्या जागी कोणाला घेतलं का?"

सरांनी त्याला ब्लॉक केलं.

"अबे, मानूस गेला ना बे तिथं!" राजू त्याच्या अंगावर धावून गेला. मंगेश रडायला लागला. मीही तोंडाला येईल ते बोलले त्याला.

खरं सांगू? तो फोटो बघून माझ्याही मनात पहिलं तेच आलं होतं. त्यानं टाइप केलं, मी केलं नाही, एवढाच काय तो माझा संस्कार. माझी मलाच किळस आली.

* * *

दिवाळी आली, सीट आली नाही. राजूनं आईला दिलेला शब्द पाळला आणि ॲम्ब्युलन्सवर ड्रायव्हर म्हणून लागला. आता आपल्याकडे ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला पायलट म्हणतात. नेमणुकीच्या कागदावरही तसंच होतं. पद: पायलट. आईनं अक्षर अक्षर लावून ते वाचलं आणि गल्लीभर पेढे वाटले. राजूनं तिला अडवलं नाही.

शर्टावरच्या "पायलट" बिल्ल्याचा फोटो त्यानं स्टेटसला टाकला. दुपारी सरांचा मेसेज. चार वर्षांत पहिल्यांदा आपणहून! "शाब्बास राजू! कोणत्या कामावर आहेस?"

आम्ही ॲम्ब्युलन्सच्या पायरीवरच बसलो होतो. राजूनं तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. मग पाठवलं, "सर, पेशंट नेतो. दोघांचा क्रू आहे. मी पुढे, डॉक्टर मागे."

मिनिटात उत्तर आलं. "एअर ॲम्ब्युलन्स! मोठं पुण्याचं काम. तुझा अभिमान वाटतो."

राजूनं लिहिलं, "थँक यू, सर."

मी त्याच्याकडे बघतच राहिले.

"काय पाहून राह्यली?" तो म्हणाला. "यात खोटं काय लिवलं म्या, सांग."