चूक कुठे, सूनबाई?

आमच्या घरी पाहुण्यांना पाणी मिळायचं, पण माझं इंग्रजी बरोबर निघाल्यावर. हा सासऱ्यांचा नियम. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवून ते निवृत्त झाले, आणि शिकवायला त्यांना घरात मीच उरले. रविवारी त्यांचे जुने सहकारी पुरुषोत्तमनगरला आमच्याकडे येत. मी ट्रेमध्ये ग्लास मांडून बाहेर यायचे. सासरे झोपाळ्यावरून एक वाक्य फेकायचे, "आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स. चूक कुठे, सूनबाई?" उत्तर येईपर्यंत ट्रेला कुणी हात लावायचा नाही. पाहुणेही तहान गिळून मजा बघत बसायचे.

मला चूक दिसायचीच नाही. माझ्या कानाला ते वाक्य अगदी ठणठणीत वाटायचं. मी कोरीट गावची, मराठी शाळेत शिकलेली, इंग्रजीत काठावर पास. "हे कोरीटचं इंग्रजी!" सासरे म्हणायचे, मग स्वतःच चूक सांगायचे आणि सगळे हसत हसत ग्लास उचलायचे. नवराही हसायचा. त्याचं हसणं मी वेगळं लक्षात ठेवलंय.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत मी आईशी फोनवर आमच्या अहिराणीत बोलत होते. "काय करी ऱ्हायनी वं माय?" एवढंच विचारलं, तर सासरे स्वयंपाकघराच्या दारात हजर. "या घरात ही भाषा नको. जिभेला वळण लागत नाही." तेव्हापासून मी आईशी गच्चीवर जाऊन बोलायला लागले. त्यांची स्वतःची आई मरेपर्यंत अहिराणीच बोलली, हे मला पुढे चुलत सासूबाईंनी सांगितलं. मास्तर झाल्यावर तिला ते पाहुण्यांसमोर येऊ द्यायचे नाहीत म्हणे. कुणी आलं की म्हातारी मागच्या पडवीत बसून राहायची.

मी निव्वळ रागाने इंग्रजी शिकले. दुपारी भांडी झाली की मोबाइलवर चुका ओळखायच्या चाचण्या सोडवत बसायचे. 'डिस्कस'नंतर 'अबाउट' नको, 'रिटर्न'नंतर 'बॅक' नको, 'कझिन'ला 'ब्रदर'चं शेपूट नको. हळूहळू सासऱ्यांचं वाक्य संपायच्या आत माझं उत्तर यायला लागलं, तसा पाहुण्यांचा रस कमी झाला. एका रविवारी बोलता बोलता सासऱ्यांच्याच तोंडून 'रिटर्न बॅक' निघून गेलं. मी ट्रे मागे ओढला आणि विचारलं, "चूक कुठे, आबा?" पाहुणे खो खो हसले. सासऱ्यांनीही हसून पाणी घेतलं. मग जेवायला बसल्यावर भाजीत मीठ नाही म्हणून ताट सरकवलं. मीठ होतं.

गेल्या पावसाळ्यात त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. बोलणं परत आणायला नंदुरबारहून एक बाई यायच्या. त्यांनी मला आणि नवऱ्याला समोर बसवून बजावलं, "यांना सगळं कळतंय, फक्त शब्द सापडत नाहीत. एक जरी शब्द आला, तर जे मागतील ते लगेच हातात द्या. भाषा कुठलीही असू दे. चूक मात्र काढू नका. पहिल्याच शब्दाला टोकलं तर माणूस धसका घेतो, मग बोलायचा प्रयत्नच सोडून देतो."

नवरा दिवसभर कामावर, तेव्हा पहिला शब्द ऐकायला मीच असणार होते.

खरं सांगते, मला वाईट वाटलं नाही. त्यांचं तोंड पुसणं, कपडे बदलणं, कूस बदलून देणं, कशातच मी हयगय केली नाही. सून म्हणून माझ्यात कुणी खोट काढून दाखवावी. पण ते एकेका अक्षरासाठी तोंड वेडंवाकडं करायचे, तेव्हा माझ्या जिवाला गार वाटायचं. नवरा संध्याकाळी त्यांचा हात धरून बसायचा. "आबा, एक शब्द बोला. फक्त एक," म्हणायचा आणि रडायचा. मी भाकरी थापत ते ऐकायचे.

दिवाळीच्या आधी एका दुपारी मी त्यांच्या खाटेशेजारी बसून मोबाइलवर चाचणी सोडवत होते. तेवढ्यात आवाज आला.

"तीस लागनी माय. पानी दे."

एकही अक्षर अडखळलं नव्हतं. या माणसाच्या तोंडून मी अहिराणी पहिल्यांदाच ऐकली. अगदी माझ्या आईचा हेल. माझे डोळे भरून आले, हेही खरं. ते बघत माझ्याकडे होते, पण हाक मारत होते ती पडवीत बसवलेल्या म्हातारीला.

मी उठले. माठातलं पाणी ग्लासात भरलं, ग्लास ट्रेमध्ये ठेवला आणि त्यांचा चांगला हातही पोचणार नाही अशी उभी राहिले.

"इंग्रजीत, आबा. पूर्ण वाक्य."

त्यांचे ओठ हलले. डोळे ट्रेवरून माझ्या तोंडावर आले. त्यांना सगळं कळत होतं, बाईंनी सांगितलंच होतं.

"पानी," ते म्हणाले.

"चूक."

"माय..."

"चूक."

त्यांनी तोंड मिटलं आणि भिंतीकडे फिरवलं. मग मी त्यांना पाणी पाजलं. चमच्याचमच्याने, हनुवटीखाली रुमाल धरून, एक थेंब सांडू दिला नाही. त्यानंतर त्यांच्या तोंडून शब्द निघालेला नाही. बाई येतात, चित्रं दाखवतात, मान हलवून जातात.

त्या संध्याकाळी नवऱ्याने चपला काढता काढताच विचारलं, "आबा काही बोलले का आज?"

"छे," मी म्हटलं. "एक शब्द नाही."

सासरे खाटेवरून ऐकत होते. त्यांनी चूक काढली नाही.