यशोदेचं गाऱ्हाणं

यशोदेला गावात कुणी नास्तिक म्हणत नसे, तो शब्दच गावाला ठाऊक नव्हता. पिसाळलेली म्हणत. आणि का पिसाळू नये हो बाईने? चोपन्न साली तिचा नवरा लवू तापाने फणफणला. त्याला मालवणच्या दवाखान्यात न्यायचं का, हे विचारायला तिच्या थोरल्या दिराने, अप्पाने, ग्रामदेवाला कौल लावला. गुरवाने पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर न्यायचं, डावी पडली तर नाही. डावी पडली. लवू घरातच गेला. आणि वर हाच अप्पा तिला सांगतो, "देवाची मर्जी, यशोदे!"

त्या दिवसापासून तिने देवळाची पायरी सोडली. अप्पा समजवायला यायचा. त्याचा हुकमी एक्का ठरलेला. "गाडगा आसा म्हणजे कुंभार आसाच. मग एवढा जग कोणी केल्यान?"

"बरां, आसात कुंभार," यशोदा म्हणायची. "पण फुटका गाडगा देणाऱ्या कुंभाराच्या आपण पाया पडतंव, की त्याका गाळी घालतंव?"

"देवाचा मन माणसाक कळना नाय गो."

"मग गुरवाच्या पाकळीक कसां कळता?"

अप्पा धोतर झटकून उठायचा. 

त्रेसष्ट साली यशोदेची एकुलती एक मुलगी दुर्गा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि अडली. सुईण राधाबाईने हात टेकले. "हिका मालवणाक व्हरा, बेगीन!"

अप्पा ओटीवरून उठला. "थांबा. आधी कौल लावतंय."

यशोदेच्या अंगाची लाही लाही झाली. "भावोजीनू, तुमच्या पाकळीन माझो घोव खाल्ल्यान. माझा चेडू मी देवचंय नाय!"

अप्पा तरातरा देवळाकडे गेला आणि यशोदा दुर्गेला घेऊन खाडीवर. तिथे जासिंतची होडी होती. जासिंत ख्रिस्तांव, गळ्यात क्रूस, रविवारी चर्चमधली मिस न चुकवणारा. तो म्हणाला, "देव आसा गो यशोदा. पण आदी होडीत बस." त्याच्या देवाशी यशोदेचं भांडण नव्हतं. तो निदान वल्ह्याच्या आड येत नव्हता.

इकडे कौल पुन्हा डावा पडला. तिकडे डॉक्टरने दुर्गेला सोडवली. मुलगी झाली, दोघी सुखरूप.

यशोदा लेकीला आणि नातीला घेऊन परतली, तर देवळात ही गर्दी! अप्पा आभाराचं गाऱ्हाणं घालायला, गावाच्या वतीने देवाशी बोलायला, उभा. "देवान राखल्यान!"

"कौल डावो होतो मां?" वाटेतच कौल कळलेल्या यशोदेने बाहेरूनच विचारलं.

"देवान परीक्षा घेतल्यान."

म्हणजे मेला तर मर्जी, जगली तर कृपा! पडलो तरी नाक वर! यशोदा माघारी वळणार होती. तेवढ्यात तिला अप्पाची सून सुशीला दिसली. दिवस भरत आलेलं पोट सांभाळत खांबाला टेकलेली, डोळे भेदरलेले. उद्या ही अडली तर पुन्हा पाकळ्या चिकटणार.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा यशोदा देवळाची पायरी चढली. अप्पाला बाजूला सारून तिने खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला द्यायचा होकार गाव सवयीने गरजला.

"तू आसशीत, तर माझ्या घोवाक तू मारलंस रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि तू नसशीत, तर ह्या अप्पान मारल्यान रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

म्हणून झाल्यावर गावाने जीभ चावली. अप्पाचा चेहरा काळाठिक्कर पडला. यशोदा थांबली नाही.

"ह्या गावच्या बायलमाणसाक दवाखान्यात व्हरूक ह्याच्यापुढे कोणी कौल लावचो नाय रे म्हाराजा!"

आता मात्र सगळे गप्प. कुणी वर बघेना. यशोदा तशीच उभी राहिली.

खांबाजवळून एकच आवाज आला, बारीक पण स्पष्ट. सासऱ्याच्या डोळ्याला डोळा देऊन सुशीला म्हणाली, "व्हय म्हाराजा."