भिंतीपलीकडचा विराम

शेजारची एका बेडरूमची जागा रिकामी झाली की हॅलोकाकूंचा जीव टांगणीला लागायचा. जागा त्यांची नव्हती आणि भाडंही त्यांना मिळणार नव्हतं. पण मधली भिंत सामायिक होती, आणि तिची अलीकडची बाजू आपली, असं त्या धरून चालत. सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेलेली. याची तार त्याला जोडायची, कानावर पडेल ते पडू द्यायचं आणि तोंड शिवून बसायचं. गप्प राहण्याचाच पगार होता म्हणा ना. निवृत्तीनंतर तोंडाचे टाके उसवले, तर ऐकायलाच काही उरलं नाही. काका मुळात मोजकं बोलणारे, आणि आता तर फोटोत जाऊन बसलेले. काकू म्हणत, "फारसा फरक नाही पडला."

मागचा भाडेकरू कानात मोबाइलची बोंडं घालून यायचा आणि बोंडं घालूनच जायचा. भिंतीतून आवाज आला तर फक्त नळाचा. "माणूस होता की मासा?" असं काकू जिन्यात भेटेल त्याला विचारत.

म्हणून या खेपेस कोणी जागा बघायला आलं की काकूंचं दार आपोआप किलकिलं व्हायचं. एक तिशीतली मुलगी आली. तिने नळ सोडून पाहिला नाही की कपाट उघडलं नाही. बेडरूमच्या मधोमध उभी राहून दोनदा खाकरली, कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "चालेल." काकूंना ती तिथेच पसंत पडली.

घरमालक संशयी माणूस. स्वतःच्या सावलीकडेही ओळखपत्र मागेल असा. "एकटीसाठी देतोय," तो म्हणाला. "दुसरं माणूस राहायला आलं की जागा खाली करायची."

"एकटीच आहे. पुस्तकांचं काम करते, घरूनच."

सामान लागलं आणि दुपारी भिंत बोलू लागली. काकूंनी स्टीलचा पेला भिंतीला लावला. पाणी पिऊन झाल्यावर पेला कुठेतरी ठेवावाच लागतो. मुलगी भराभर काहीतरी बोलत होती. त्यातलं अक्षर कळेना, पण मधूनमधून तिचा आवाज चढे आणि एकच शब्द स्वच्छ येई, "...विराम." पुन्हा गुणगुण. पुन्हा "...विराम." पलीकडून उत्तर म्हणून नाही.

म्हणजे कोणी विराम नावाचा गडी आत होता तर! आणि ऐकून घेणारा होता, अगदी काकांच्या वळणावर गेलेला.

हे काकूंनी फक्त खालच्या शिंपीणबाईंना सांगितलं, तेही "कुठे बोलू नका हं" असं बजावून. संध्याकाळपर्यंत विरामला दाढी फुटली. दुसऱ्या दिवशी त्याला पहिली बायको निघाली. तिसऱ्या दिवशी घरमालक जिना चढून आला.

काकूंनी त्याला किलकिल्या दारातून पाहिलं. मुलगी गेली तर पुन्हा मासा. आणि या वेळी मासा आपणच आणलेला. त्या चपला न घालताच मागोमाग शेजारी शिरल्या.

"तो विराम कुठाय?" घरमालकाने दारातच विचारलं.

मुलगी गोंधळली. "कोणता? स्वल्प की पूर्ण?"

"म्हणजे दोन आहेत?"

"तीन," ती आता हसू दाबत होती. "अर्धाही आहे, पण तो क्वचित येतो."

घरमालक तरातरा बेडरूममध्ये गेला. तिथे विराम नव्हता. टेबलावर कागदांचे गठ्ठे, लाल पेन्सिली आणि रेकॉर्डिंगला लावलेला मोबाइल होता.

"मुद्रितं तपासते मी," ती म्हणाली. "खरं तर दोघांचं काम. एकाने मूळ प्रत वाचायची, स्वल्पविराम-पूर्णविरामांसकट. दुसऱ्याने छापलेलं तपासायचं. मला जोडीदार नाही. म्हणून आधी वाचून ठेवते, मग तेच ऐकत तपासते. खोली घुमत नाही ना, ते बघून घेतली."

घरमालकाने पलंगाखालीही वाकून पाहिलं. आला होता तर काहीतरी बघायला हवं. मग कंबर धरून उठत म्हणाला, "ठीक आहे. पण शेजाऱ्यांना त्रास होत असेल तर मला विचार करावा लागेल. काय काकू? तक्रार तुमचीच ना?"

मुलीने काकूंकडे पाहिलं. काकूंनी पदराशी चाळा केला.

"आहेच तक्रार," त्या म्हणाल्या. "नुसते विराम ऐकू येतात. मधलं काही कळत नाही. हिला म्हणावं, भिंतीकडे तोंड करून वाच."

"भिंत कशाला?" मुलगी म्हणाली. "या खुर्चीवर बसा आणि तुम्हीच वाचा."

आता दुपारी मोबाइल बंद असतो आणि काकू वाचतात. आवाज अजून एक्सचेंजमधला, खणखणीत. मुलीची पेन्सिल कागदावर सरकत असते.

"'तो दार लोटून निघून गेला पूर्णविराम,'" काकूंनी परवा वाचलं आणि प्रत मांडीवर ठेवली. "मेल्याला म्हणावं, आता परत येऊ नकोस."

"काकू, हे लिहिलंय का तिथे?"

"नाही गं. राहून गेलंय. तू घालून टाक."