तबकडीची झडती

सत्तरच्या दशकाच्या शेवटी शेवटी सांगलीजवळच्या एका साखर कारखान्यात मी कॉम्प्युटरवर नोकरीला होते. तेव्हाचा कॉम्प्युटर म्हणजे दोन लोखंडी कपाटं, शेजारी टाइपरायटरसारखं एक खडखडणारं यंत्र आणि परातीएवढी एक तबकडी. कारखान्याची सगळी माहिती त्या तबकडीवर साठवायची. पडदा वगैरे काही नव्हतं. इंग्रजी अक्षरांत हुकूम टाइप करायचा, की यंत्र कागदावर उत्तर छापायचं. मला ते फार आवडायचं. आमच्या घरी हुकूम सोडायचा मान फक्त वडिलांना होता.

वडील साताऱ्याकडचे, फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. मुलगी माधवनगरला एकटी खोली घेऊन राहते, हे त्यांना मुळीच पसंत नव्हतं. "बॉयलर पेटंपतूर ऱ्हा. तुझं मशीन चाललं तर बघू. न्हाई चाललं तर गप घरी यायचं," असा आमचा करार झाला होता. घरी म्हणजे पुढे लग्न, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

मशीन चालणं म्हणजे काय, तेही ठरलेलं होतं. कुणाचा ऊस कधी तोडायचा, हा क्रम कॉम्प्युटरनं लागवडीच्या तारखेप्रमाणे लावायचा, म्हणजे संचालकांच्या चिठ्ठीवर आधी तोड मिळणं बंद होईल. आमच्या कार्यकारी संचालकांनी त्यासाठी भर सभेत भांडून मशीन आणलं होतं. हंगामाचा बॉयलर पेटायच्या आत यादी निघाली नाही तर मशीन परत जाणार होतं, आणि मी साताऱ्याला. माझा प्रोग्रॅम तयार होता, माहिती भरून झाली होती. चालवायला बसले, तर यंत्रानं छापलं की या कामाला जागा पुरत नाही. तबकडी भरत आली होती.

माझं डोकंच फिरलं. जागा कुणी खाल्ली ते बघायला मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो प्रत्येक खात्याच्या फायली तपासायचा, कुणी किती जागा अडवली त्याची बेरीज करायचा आणि सर्वांत जास्त अडवणारा सर्वांत वर, असा क्रम छापायचा. त्या हुकमाला मी नाव दिलं 'झडती'. पहिल्याच झडतीत तिघे सापडले. शेतकी अधिकाऱ्यांनी प्रत्येक गावाची माहिती चार वेळा ठेवली होती: जुनी, नवी, खरी आणि शेवटची. केमिस्टसाहेबांनी उसाच्या रसाचे सगळे जुने आकडे जपले होते, का ते त्यांनाही सांगता येईना. आणि स्टोअरकीपरनी प्रत्येक नटबोल्ट दोनदा नोंदला होता, एक हरवला तर दुसरा असावा म्हणून.

ज्याची फाईल त्याच्या परवानगीशिवाय पुसायची नाही, असा नियम होता. म्हणून झडतीचा कागद मी तिघांकडे पाठवून दिला. वाटलं, लाजतील.

लाजले कसले! आमच्या ऊसपट्ट्यात कुठल्याही यादीत वर नाव असलं की माणसाची छाती फुगते, यादी कशाची आहे ते नंतर. शेतकी अधिकाऱ्यांनी तो कागद टेबलाच्या काचेखाली सरकवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवू लागले. स्टोअरकीपर तरातरा माझ्याकडे आले. "आवं बाई, आमी तिसरं कसं? समदा कारखाना आमच्या स्टोअरवर चालतोय, व्हय का न्हाई?" त्यांनी कारकुनाला बसवून सगळे नटबोल्ट आणखी एकदा भरून घेतले. होती नव्हती ती जागाही गेली.

मला रडू येत होतं. पण रडण्यापेक्षा खोडी काढावी हा माझा स्वभाव. उसाच्या गाड्या वजन करायच्या काट्याच्या खोलीबाहेर एक फळा होता. कुणाच्या नावावर किती ऊस नोंदलाय, ते त्यावर लागायचं आणि शेतकरी रोज येऊन वाचायचे. झडतीचे आकडे मी छान मराठीत उतरवले आणि तो कागद तिथंच डकवला. वर मथळाही अगदी खरा लिहिला, 'तबकडीवर अडवलेली जागा'. मथळा कोण वाचतं?

दुपारपर्यंत शेतकी खात्यासमोर ही गर्दी. शिराळ्याकडचे एक आजोबा सगळ्यांत पुढे. "आवं सायेब, आमच्या नोंदीला तुमास्नी सवड न्हाई, आन् सोताचा यवढा ऊस कवा लावला?" अधिकारी तबकडी समजावू लागले. जितकं समजावलं तितका संशय वाढला. कुणीतरी केमिस्टसाहेबांकडे मोर्चा वळवला. ते पडले मुंबईचे. "ह्यांची हितं गुंठाभर जिमीन न्हाई गड्या, आन् दोन लंबरला हायत!" मी खिडकीआडून बघत होते आणि तोंडात पदर कोंबून हसत होते.

संध्याकाळी तिघेही माझ्या दारात हजर. "पुसा ते समदं," शेतकी अधिकारी म्हणाले.

"पण साहेब, पहिला नंबर जाईल की."

"खड्ड्यात गेला नंबर! आधी पुसा."

पुसलं. दुसऱ्या दिवशी तोडीची यादी निघाली, कागदाची लांबच लांब पट्टी. दरसाल ज्यांचा ऊस पहिला तुटायचा, त्या संचालकांचं नाव शोधत शोधत पट्टीच्या पार तळाशी पोचले, तेव्हा मी जमिनीवर बसले होते. इतका आनंद मला पदवी मिळाल्यावरही झाला नव्हता.

बॉयलर पेटला त्या दिवशी वडील आले. माझं अंथरूण बांधायला मोकळा होल्डॉल घेऊनच आले होते. मी काही सांगायच्या आधी शेतकी अधिकाऱ्यांनी त्यांना गाठलं. "सुभेदार, तुमच्या पोरीनं आमच्या अब्रूचं पार खोबरं केलं!" आणि सगळी हकीकत सांगितली, अगदी पोटतिडकीनं.

वडिलांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "यादी निघाली का पर?"

"निघाली की. त्याला कोण न्हाई म्हणतंय?"

ते तडक स्टँडकडे निघाले. होल्डॉल त्यांच्या खांद्यावर, आणि मी मागोमाग. गाडी लागली, ते चढले, मी खालीच उभी. कंडक्टरनं आमच्या दोघांकडे बघत विचारलं, "दोन सातारा?"

"एकच," वडील म्हणाले, आणि खिडकीतून होल्डॉल माझ्याकडे टाकला.