दिगंबरमामांची दाढ

फोन सकाळी साडेसातला आला. रिठदहून मामेभाऊ बोलत होता. "बाबा गेले. वावराच्या वाटेवर बसले अन् उठलेच नाई." मामांशी माझे शेवटचे बोलणे चार दिवसांपूर्वी झाले होते, तेही दाढदुखीवर.

दिगंबरमामा शेतकरी होते, पण आसपासच्या गावांत त्यांची ओळख दाढेचा किडा काढणारे अशी. निखाऱ्यावर भुईरिंगणीचे वाळलेले बी टाकायचे आणि नळीतून तो धूर दुखऱ्या दाढेवर द्यायचा. त्यानंतर अर्धा तास ते माणसाला ओट्यावरून हलू देत नसत. केनवडचा एक गडी मध्येच उठू लागला, तेव्हा म्हणाले, "बस चूपचाप. किडा तुयाहून शाना हाये. तू उठला का थो परत घरात शिरते."

मी वृत्तपत्रात आरोग्याचे पान सांभाळतो. दाढेत किडा नसतो, हे त्यांना अनेकदा सांगून झाले होते. "मंग माणसाले बरं काहून वाटते?" असे ते विचारत.

मामा गेले त्या आठवड्यात पानावर दातदुखीचा लेख होता. थंड पाण्याने क्षणभर कळ आली तर दाताचे कवच झिजलेले असू शकते, गरम चहानंतर कळ रेंगाळली तर कीड आतल्या नसेपर्यंत गेलेली असू शकते, चावताना चमक निघाली तर दाताला तडा, ठणका आणि सूज असेल तर पू... मामांनी तो वाचून फोन केला. "याच्यात माही दाढ कोठंच नाई, बापू."

"थंड लागतं का?"

"नाई."

"चावताना?"

"तेबी नाई. वावराकडे चढलो का डाव्या जबड्यात दुखते. धुऱ्याच्या बांधावर बसलो का थांबते. घरी आलो का धूर घेतो, अर्धा घंटा बसतो. आराम पडते."

मी त्यांना वाशिमला दातांच्या डॉक्टरकडे जायला सांगितले. ते गेले. डावीकडची एक दाढ खरोखरच किडलेली निघाली. सोमवारी काढायची ठरली. मामा रविवारी गेले.

नंतर एका परिचित डॉक्टरांना हे सगळे सांगितले. चालताना येणारे आणि थांबल्यावर जाणारे जबड्याचे दुखणे हृदयाचे असू शकते, असे ते म्हणाले. नक्की होते का? तसे आता सांगता येणार नाही. मामांना आराम धुराने पडत होता, की नुसते बसल्याने... मी प्रश्न विचारले होते, पण सगळे दाताचे.

तेरवीनंतर शिरपूरचा एक माणूस गालाला रुमाल बांधून आला. मामा गेल्याचे त्याला माहीत नव्हते. ऐकून तो ओट्यावर बसला. मामींनी निखारे आणले नाहीत.

"चाललं का दुखते, का बसल्यावरबी?" त्यांनी विचारले.

"बसल्यावरबी, काकू. सारखं ठणकते."

"मंग तुही दाढच हाये. दातवाल्याकडे जाय." त्या माझ्याकडे वळल्या. "अन् यायची, तुया मामाची? तेबी दाढच होती?"

"दाढ किडलेली होती, मामी," मी म्हणालो. ते खरे होते, पण त्यांनी विचारले होते ते वेगळे. शिरपूरचा माणूस तसाच बसून होता. आता ऊठ, असे त्याला सांगणारे कुणी नव्हते.