डाव्या हाताची शाल

कोणी फार गोड बोलू लागलं की माझ्या मनात आधी शंकेची पाल चुकचुकते. ही खोड मी जन्माला येताना आणली नाही. मला पाहायला आलेल्या दोन बायकांनी ती लावली आणि मग ती सुटली नाही.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. वडील उंद्रीच्या शाळेत मास्तर होते. हिवाळ्यात धनगर आपल्या मेंढ्या खतासाठी आमच्या शेतात बसवत. त्यांच्यातल्या एका बाईनं मला कोकराची पहिली लोकर दिली, हाताला लागते न लागते अशी मऊ. ती मी टकळीवर कातली आणि जाळीची शाल विणायला घेतली. विणणं मी आधीच शिकले होते, बुलढाण्याच्या मुलींच्या शाळेत. बाकीच्या मुली बाईंच्या शेजारी बसत, मी समोर बसायची. बाईंचा उजवा हात माझ्या डाव्यासमोर यायचा आणि सगळं आपोआप जुळायचं. मी डावरी होते.

आईला हे व्यंगच वाटे. लहानपणी जेवायला बसले की ती माझा डावा हात फडक्यानं मांडीशी बांधून टाकायची. पुढे विणायची मुभा मिळाली, पण दाराआड बसून. "कोणी पाह्यलं तं तुले कोण करीन?" असं ती म्हणायची. शालीलाही नावं ठेवायची. "थंडीसाठी भोकं कोण विणते, बाई?" मी उठून गेले की मात्र तीच शाल गालाला लावून बघायची. मी फटीतून पाहिलं होतं.

मग दुसरबीडचं स्थळ आलं. मुलाची आई आणि आत्या मला पाहायला यायच्या होत्या. आमच्या भागात तेव्हा मुलीचं हातकाम दाखवायची रीत होती, आणि त्या रीतीला एक चोरवाटही होती. मण्यांचं एकच तोरण गल्लीतल्या चार घरी फिरायचं आणि चारही मुलींनी केलेलं असायचं. हे दाखवणाऱ्यांना ठाऊक, बघणाऱ्यांनाही ठाऊक. आईनं त्यावर डोकं चालवलं. शालीच्या शेवटच्या ओळी बाकी होत्या. "सुयांवर हाये तशीच दाखवू. मंग तुहीच हाये म्हून पटन," ती म्हणाली. मला हे बरं वाटेना, पण माझं कोण ऐकतं!

त्या आल्या. आत्याबाईंनी शाल मांडीवर घेतली, उजेडात धरली, उलटून पाहिली. "लई सुंदर केली, बेटा," त्या म्हणाल्या. जरा थांबून पुन्हा तेच म्हणाल्या. मग माझा हात हातात घेऊन बोटं चाचपली. माया करताहेत की तपासताहेत, हे मला कळेना. तेवढ्यात त्यांनी सुया माझ्यापुढे केल्या. "एक ओळ विणून दाखव बरं."

आईचा चेहरा उतरला. तिनं डोळ्यांनीच बजावलं, उजव्यानं! मी उजव्या हातानं धागा धरला. बोटं लाकडाची झाली. एक टाका पडला, मग दुसरा. आत्याबाईंनी मुलाच्या आईकडे पाहिलं आणि दोघी हसल्या.

"कोणाच्या घरून आणली हो, मास्तरीणबाई?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. इतक्या दिवसांची माझी लोकर, माझं कातणं, माझ्या पाठीची कळ, आणि चोर मीच! मी पडलेले टाके उचलले, सुया मला हव्या तशा धरल्या आणि डाव्या हातानं ओळ झरझर पुरी केली. मान वर केली तेव्हा कोणी हसत नव्हतं.

"डावरी हाये पोरगी," मुलाची आई म्हणाली.

"आमी कळवतो," आत्याबाई म्हणाल्या. याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळत असे. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. आवाजात पुन्हा तोच गोडवा. "शाल मातर पुरी झाली की आमच्याकडं पाठवा. आमच्या पोरीले पाहाले येऊन राह्यले."

आई गरीब स्वभावाची. हो म्हणेल, अशी माझी खात्रीच होती.

"ज्या हाताची पोरगी तुमाले चालत नाई," आई म्हणाली, "त्या हाताची शाल कायले पायजे?"

त्या गेल्यावर आई माझ्याकडे न बघता थेट चुलीशी गेली. तिला माझा राग आलाय, स्थळ घालवलं म्हणून ती मला कधी माफ करणार नाही, असंच मी धरून चालले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी दाराआड विणायला बसले, तर तिनं मला उठवलं. माझा पाट उचलून ओसरीवर, अगदी रस्त्याच्या तोंडाशी नेऊन ठेवला.

"इथं ऊन हाये," ती म्हणाली.

यात काय डाव आहे ते मला समजेना. बसले, पण सुया पदराखाली धरून. आई शेजारी तांदूळ निवडत बसली. तिनं माझा पदर बाजूला सारला. पाण्याला निघालेली एक शेजारीण थबकली, वाकून बघू लागली.

"अवं माय, पोरगी डाव्या हातानं काऊन विणून राह्यली?"

"डावरी हाये माही पोरगी," आई म्हणाली. पलीकडच्या तीन घरांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली. माझे डोळे असे भरून आले की हातातले टाके मला दिसेनात.